सासऱ्यांबरोबर रॉयल ॲस्कॉट: टोपी, पायमोजे आणि पाच पौंड

आमच्याकडे 'रेस' हा शब्द हळू आवाजात बोलायचा असतो. माझ्या माहेरी तर त्याहून कडक. शेजारच्या वाड्यातल्या एकांनी रेसच्या नादात राहतं घर घालवलं, ही गोष्ट आम्हाला शुभंकरोतीच्या जोडीने ऐकवली जायची. त्यामुळे लग्नानंतर जेव्हा कळलं की सासरे, म्हणजे अप्पा, नोकरीत असताना दर पावसाळ्यात पुण्याच्या रेसकोर्सवर जायचे, तेव्हा मी दचकलेच होते. दहा रुपयांच्या वर कधी लावले नाहीत, असं ते सांगतात. आई, म्हणजे सासूबाई, त्यावर काही बोलत नाहीत, फक्त भांडी जरा जोरात ठेवतात.

आम्ही राहतो रेडिंगला. इथून लंडनच्या वॉटर्लूला जाणारी लोकल ॲस्कॉटवरूनच जाते. त्यामुळे दर जूनमध्ये एक आठवडा आमच्या स्टेशनावर उंच काळ्या टोप्या आणि डोक्यावर पिसं लावलेल्या बायका दिसतात, आणि मी लॅपटॉपची पिशवी सांभाळत त्यांच्यातून वाट काढते. ऑक्टोबर 2024 मध्ये व्हिडिओ कॉलवर अप्पांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "ॲस्कॉट तुमच्यापासून किती लांब गं?"

"ट्रेनने अर्धा तास."

थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सयाजीराव तिथे जिंकला होता."

सयाजीराव म्हणजे घोडा. बडोद्याच्या प्रतापसिंह गायकवाडांनी 1945 मध्ये 28 हजार गिनी मोजून तो विकत घेतला आणि घराण्यातलं नाव त्याला दिलं. 1947 मध्ये त्याने इंग्लंडातली सेंट लेजर ही मोठी शर्यत जिंकली आणि 1948 मध्ये रॉयल ॲस्कॉटमधली हार्डविक स्टेक्स ही शर्यत. अप्पांना हे सगळं तोंडपाठ, माझ्या नवऱ्याचा वाढदिवस मात्र विचारून सांगावा लागतो. तर त्या फोननंतर मी ठरवलं, यंदा न्यायचंच. पुढचे आठ महिने कसे गेले ते लिहून ठेवते, कारण मला मराठीत कुठेच काही सापडलं नव्हतं.

तिकीट

रॉयल ॲस्कॉट हा पाच दिवसांचा सोहळा, जूनच्या मध्यात मंगळवार ते शनिवार. 2025 मध्ये तो 17 ते 21 जूनला होता. दिवसाला सात शर्यती, सगळ्या सपाट मैदानावरच्या, अडथळे नाहीत. रेसकोर्स 1711 सालचं, राणी ॲनच्या हुकमाने सुरू झालेलं. तिकिटं आदल्या वर्षीच्या शरद ऋतूत विक्रीला येतात. मी नोव्हेंबरात बसले, आणि पहिल्याच पानावर फसणार होते.

तिकीट नुसतं दिवसाचं नसतं, एन्क्लोजरचंही असतं, म्हणजे मैदानातल्या कुठल्या भागात तुम्ही उभे राहणार त्याचं. मला वाटलं विंडसर एन्क्लोजर म्हणजे राजवाड्याचं नाव, तेव्हा तेच सगळ्यात भारी. प्रत्यक्षात ते सगळ्यात मोकळंढाकळं: पोशाखाची सक्ती नाही, घरचा डबा चालतो, माणशी एक बाटली शॅम्पेनही आत नेता येते. पण तिथून घोडे फिरवतात ती जागा, म्हणजे परेड रिंग, बघायला मिळत नाही. अप्पांसाठी सगळं सार तिथेच होतं. व्हिलेज एन्क्लोजर ट्रॅकच्या मधोमध असतं आणि पाचही दिवस उघडं नसतं. आमच्या कामाचं निघालं क्वीन ॲन एन्क्लोजर. तिथून मुख्य स्टँड, परेड रिंग, विनिंग पोस्टजवळचा कठडा, सगळं मिळतं. गुरुवारचं तिकीट मला माणशी 106 पौंड पडलं. विंडसर जवळपास निम्म्यात झालं असतं.

रॉयल एन्क्लोजरचाही मी अर्ज वाचून काढला, निव्वळ खाज म्हणून. तिथे पैसे भरून शिरता येत नाही. आधीपासून सदस्य असलेल्या आणि काही वर्षं नियमित येणाऱ्या दोघांनी तुमची शिफारस करावी लागते. 1955 पर्यंत घटस्फोटितांना तिथे प्रवेशच नव्हता म्हणे. आमच्या ओळखीत दोन सदस्य सोडाच, दोन घोडेवालेही नाहीत. खिडकी बंद केली.

गुरुवारच का? कारण गोल्ड कप ही मानाची शर्यत त्या दिवशी असते. लोक त्या दिवसाला लेडीज डे म्हणतात. त्या दिवशी गर्दी बरीच, हे आधीच सांगून ठेवते. गर्दीचा त्रास होणारं कोणी बरोबर असेल तर बुधवार बघा.

गंमत अशी की तिकीट काढलं तेव्हा अप्पांचा व्हिसाच नव्हता. व्हिजिटर व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधी करता येतो, त्याहून आधी नाही. ते दोघं मेअखेर येणार होते, म्हणजे अर्ज फेब्रुवारीअखेरनंतर. फी माणशी 115 पौंड होती आणि 9 एप्रिलपासून 127 होणार होती, म्हणून मार्चमध्येच अर्ज भरला. पुण्यात बोटांचे ठसे, पेन्शनची कागदपत्रं, बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट, आमचं निमंत्रणपत्र. अडीच आठवड्यांनी पासपोर्ट परत आले. तोवर माझ्या पोटात गोळा. आमच्या घराने लावलेला सगळ्यात मोठा सट्टा तोच.

कपडे

आता खरं संकट. क्वीन ॲनमध्ये बायकांनी डोक्यावर टोपी किंवा फॅसिनेटर घालावाच लागतो. फॅसिनेटर म्हणजे पिसं-जाळी-फूल असं काहीतरी केसांत खोवायचं. खांद्यावर पट्टे नसलेले, म्हणजे स्ट्रॅपलेस कपडे चालत नाहीत, पोट झाकलेलं हवं. पुरुषांना पूर्ण सूट, कॉलरचा शर्ट, टाय. आणि पायमोजे, तेही घोटा झाकणारे. हा नियम मी अप्पांना फोनवर वाचून दाखवला तेव्हा ते म्हणाले, "घोड्याच्या पायाला पट्ट्या, माणसाच्या पायाला मोजे. बरोबर आहे."

अप्पांच्या अंगाला नवऱ्याचा सूट होईना. नवा शिवायचा तर दोनशे पौंड. शेवटी हायस्ट्रीटवरच्या चॅरिटी शॉपमध्ये करड्या रंगाचा लोकरी सूट 25 पौंडांत मिळाला, अस्तरासकट धड. बाह्या आणि पँट आखूड करायला शिंप्याने 18 घेतले. मेअखेरीपासून शिंपी गजबजलेले असतात, म्हणून सूट जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आत टाका. मला आठ दिवस थांबावं लागलं.

मी साडीच नेसायचं ठरवलं. नियमांत परदेशी पाहुण्यांच्या राष्ट्रीय पोशाखाला मोकळीक आहे, आणि 2022 च्या लेडीज डेला तर इथल्या शेकडो भारतीय बायका ठरवून साड्या नेसून गेल्या होत्या. तरी पोट झाकण्याचा नियम मनातून जाईना. फाटकावरच्या माणसाला साडीचं व्याकरण कुठे समजावत बसू? शेवटी लांब ब्लाउज शिवला, पदर खांद्यावर आणि कमरेपाशी पिनांनी पक्का केला. पैठणी काढली होती, पण हवामानाचा अंदाज 29-30 डिग्रीचा होता. ती परत ठेवली आणि नारायणपेठ काढली. इथल्या तीस डिग्रीत सावली, पंखा, काही मिळत नाही. रेशमी काठापलीकडे जाऊ नका.

खबरदारी म्हणून फॅसिनेटरही घेतला. ऑनलाइन मागवलेला पहिला खोक्यात चेपून आला, तो परत केला. पैसे मिळाले, पण त्यात दहा दिवस गेले. दुसरा दुकानात जाऊन घेतला, 14 पौंड. तो क्लिपवर तग धरेना. मग अंबाड्यात जिथे गजरा माळायचा तिथे चार आकडे घालून बसवला. आईंनीच बसवून दिला. एवढ्या सगळ्याला त्यांचा विरोध होता, पण आकडे तिरपे घातलेले त्यांना बघवेनात.

गुरुवार, 19 जून

नवऱ्याला सुट्टी नव्हती, आई नातवाला सांभाळायला थांबल्या. म्हणजे आम्ही दोघंच, सासरा आणि सून, रेसला. दारातून निघताना आई म्हणाल्या, "माझ्या माहेरी कळलं तर काय म्हणतील."

फाटकं साडेदहाला उघडतात. आम्ही दहाच्या सुमाराची गाडी धरली. स्टेशनापासून रेसकोर्स दहा मिनिटांच्या आत आहे, पण रस्ता चढाचा. अप्पा दोनदा थांबले. गुडघे दुखणाऱ्यांना बरोबर नेत असाल तर वेळ दुप्पट धरा. फाटकावर पिशव्या तपासतात. आमच्या पुढच्या एका मुलाला बाजूला घेतलं, त्याचे मोजे बुटातच लपले होते. अप्पांनी न सांगता पँट दोन बोटं वर उचलून दाखवली. माझ्या साडीकडे बघून तिथली बाई एवढंच म्हणाली, "सुंदर आहे." आठ महिन्यांची काळजी तीन सेकंदांत संपली.

क्वीन ॲनमध्ये घरचं खाणं नेता येत नाही. आत दोन माणसांचं साधं खाणं, चहा, पाणी आणि रेसकार्ड, म्हणजे दिवसाच्या शर्यतींची आणि घोड्यांची यादी, मिळून आमचे 52 पौंड गेले. बसायला जागा कमी. बरेच लोक दिवसभर उभेच असतात, आणि बायका तीन वाजेपर्यंत टाचांच्या चपला हातात घेतात. मी कोल्हापुरी घातली होती. दिवसभरातला माझा सगळ्यात शहाणा निर्णय.

दोन वाजता राजघराण्याची मिरवणूक. 1825 पासूनची प्रथा. उघड्या बग्ग्या ट्रॅकच्या सरळ भागातून गवतावरून येतात, बँड वाजतो, सगळे उभे राहून टोप्या काढतात. बग्गीत कोण कोण आहे ते दुपारी बाराला जाहीर करतात. नीट बघायचं तर दीड वाजल्यापासून कठडा धरा. आम्ही पावणेदोनला गेलो आणि मला पुढच्या बाईच्या जांभळ्या टोपीच्या कडेतून करड्या घोड्यांच्या माना तेवढ्या दिसल्या. ऊन फार असेल तर मिरवणुकीनंतर पुरुषांना कोट काढायची परवानगी देतात, पण ती जाहीर झाल्याशिवाय कोटाला हात लावायचा नाही. अप्पांनी कोट शेवटपर्यंत अंगात ठेवला. गरम होत नाही का विचारलं तर म्हणाले, "25 पौंड दिलेत."

घोडा कसा बघतात

स्टँडच्या मागे दोन रिंगणं आहेत. आधी प्री-परेड रिंग, तिथे खोगीर चढवतात. मग परेड रिंग, तिथे जॉकी चढतात. लोक परेड रिंगभोवती गर्दी करतात आणि पहिल्या रिंगणाकडे फारसं कोणी फिरकत नाही. अप्पांनी मला सरळ तिथे नेलं. गोल्ड कपच्या आधी आम्ही जवळजवळ वीस मिनिटं तिथे होतो, आणि तिकिटाचे पैसे माझ्या मते त्या वीस मिनिटांत फिटले.

सहा फुटांवरून एक घोडा गेला. त्याच्या पुठ्ठ्यावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन उमटलेले होते. मला वाटलं रंगवलंय. "रंग नाही गं," अप्पा म्हणाले, "ओल्या ब्रशने केस उलटसुलट विंचरतात." मोतद्दार मुलीने बादलीतला स्पंज उचलून घोड्याच्या ओठांवर पिळला. त्याने जीभ बाहेर काढून पाणी चाटलं आणि उरलेलं तिच्या कोटावर उडवलं. मानेच्या कातडीखाली शिरांचं जाळं दिसत होतं, पिंपळपानासारखं.

"आता पाय बघ," अप्पा म्हणाले. "पुढचा पाय जिथून उचलला, मागचा त्याच्या पुढे पडायला हवा. जितका पुढे, तितका घोडा मोकळा." मी वाकून बघायला लागले. काहींचा मागचा पाय पुढच्याच्या ठशावरच पडत होता, काहींचा वीतभर पुढे. घाम मांड्यांमध्ये फेसाळला असेल तर घोडा आधीच दमतोय. कान मागे पाडले असतील तर मर्जी नाही. हा माणूस चाळीस वर्षं फक्त दहा रुपये लावायला जात नव्हता, हे तिथे माझ्या लक्षात आलं.

ट्रॉलरमन त्यांना आवडला. सात वर्षांचा घोडा, आदल्या वर्षी याच शर्यतीत किप्रोसच्या मागे दुसरा आलेला. किप्रोस या वेळी नव्हता, दुखापतीमुळे निवृत्त झाला होता. लोकांचा भर इलिनॉय या घोड्यावर होता. "पोरगा चांगला आहे," अप्पा म्हणाले, "पण हा म्हातारा बघ कसा चालतोय, बाजारात भाजी आणायला निघाल्यासारखा."

पैसे लावायचे तर

मी आदल्या रात्रीच दोघांसाठी 40 पौंड पाकिटात घालून ठेवले होते. संपले की संपले. कार्ड बाहेर काढायचं नाही.

पैसे टोटवर लावता येतात किंवा रांगेत उभ्या असलेल्या बुकींकडे. बुकीकडे तुम्ही घेतला तो भाव पक्का. टोटवर सगळ्यांचे पैसे एकत्र होऊन शेवटी भाव ठरतो. महालक्ष्मीला जाणाऱ्यांना हे नवं नाही. मी मात्र दुसऱ्या शर्यतीत तोंडघशी पडले. ऐटीत 'फाइव्ह पाउंड ईच वे' म्हणाले आणि पाचची नोट पुढे केली. बुकीने दहा मागितले. 'ईच वे' म्हणजे दोन पैजा: एक पहिला येण्यावर, एक पहिल्या काहींत येण्यावर. म्हणून रक्कम दुप्पट. मागे रांग, मी पर्स चाचपतेय, अप्पा दुसरीकडे बघतायत. घोडा दोन्हीपैकी काहीच झाला नाही. घोड्याचा नंबर सांगायचा, नाव नाही, आणि स्लिप हातात पडली की तिथेच वाचायची. पैसे लगेच मिळत नाहीत, जॉकींची वजनं झाल्याची घोषणा होईपर्यंत थांबावं लागतं.

पहिल्या शर्यतीवर अप्पांनी काहीच लावलं नव्हतं. "दोन वर्षांची लेकरं. त्यांच्यावर काय लावायचं."

गोल्ड कप 1807 पासूनचा. अंतर सुमारे अडीच मैल, म्हणजे चार हजार मीटर. आपली इंडियन डर्बी 2400 ची. अंतर लांब असल्याने घोडे स्टँडसमोरून दोनदा जातात, त्यामुळे कठड्याशी उभं राहणाऱ्यांना ही एकच शर्यत दामदुप्पट मिळते. अप्पांनी ट्रॉलरमनवर दहा पौंड लावले, एकास दोनचा भाव.

पहिल्यांदा घोडे समोरून गेले तेव्हा निळ्या कपड्यातला विल्यम ब्युइक त्याला घेऊन सगळ्यांच्या पुढे होता. टापांचा आवाज आधी पायांना कळतो, कानांना नंतर. मग सगळे वळून लांब झाडीच्या बाजूला गेले आणि पडद्याशिवाय काही दिसेना. शेवटच्या सरळ भागात इलिनॉय जवळ यायला निघाला. लोक ओरडायला लागले, आणि म्हातारा आणखी पुढे निघून गेला. सात लांब्यांनी, म्हणजे सात घोडे एकामागे एक उभे राहतील एवढ्या अंतराने. अप्पा ओरडले नाहीत. दोन्ही हात कठड्यावर ठेवून उभे होते. ओठ हलत होते. काय म्हणत होते ते मी विचारलं नाही.

त्याच्यानंतरची शर्यत ब्रिटानिया. तीस घोड्यांपर्यंतची झुंबड, सरळ एक मैल. घोडे ट्रॅकच्या दोन बाजूंना दोन टोळ्या करून धावतात आणि पुढे कोण आहे ते शेवटपर्यंत कळत नाही. तिथे आमचे दहा गेले. सहाव्या शर्यतीत आणखी पाच.

शेवटची शर्यत संपल्यावर बँडस्टँडभोवती हजारो लोक झेंडे हलवत गाणी म्हणतात. ते बघायचं असेल तर निवांत थांबा, नाहीतर शेवटच्या शर्यतीआधीच निघा. मधल्या वेळी निघालात तर स्टेशनाबाहेरची रांग डोंगरावरून येते. आम्ही सहाव्या शर्यतीनंतर निघालो, अप्पांचे गुडघे बोलायला लागले होते.

हिशेब

तिकिटं 212, सूट, शिंपी आणि फॅसिनेटर 57, ट्रेन दोघांची 18, खाणं आणि रेसकार्ड 52. पैजांवर 35 लावले, 30 परत आले, म्हणजे 5 गेले. एकूण 344 पौंड. ब्लाउज पुण्याहून शिवून आला, तो आईंच्या खात्यात.

घरी पोचलो तेव्हा आई दारातच होत्या. "किती?"

"पाच पौंड," मी म्हणाले.

त्यांनी मनातल्या मनात गुणाकार केला. "पावणेसहाशे रुपये!" आणि आत गेल्या. पंधरा मिनिटांनी चहा आला. अप्पांच्या कपात साखर होती, जी एरवी बंद आहे.

शनिवारी मी सूट हँगरवरून काढला आणि चॅरिटी शॉपला परत देऊन टाकू का विचारलं. अप्पांनी पेपरातून डोकं वर केलं नाही.

"राहू दे. ऑगस्टात आम्ही परत जातो. पुण्याचा सीझन तेव्हा चालूच असतो."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज झाला.